कॅरिअर दिसला की पळापळ, दवाखान्यातून आलं की मारामारी

तक्रार साधारण अशी असते. पार्किंगमधून, गटाराच्या कडेवरून किंवा पावसाळ्यात गाडीच्या बॉनेटमधून सोडवून आणलेलं मांजर आता घरात बऱ्यापैकी रुळलंय. खातंय, शी-शूचा ट्रे वापरतंय, घरातल्या जुन्या मांजराबरोबर चार हात लांब का होईना, एका खोलीत बसतंय. मग बूस्टरची तारीख येते. माळ्यावरून कॅरिअर, म्हणजे मांजराला न्यायचा खोका, खाली काढला की मांजर पलंगाखाली. ओढून काढताना हातभर ओरखडे, आत कोंबल्यावर वाटभर रडणं, त्यातच शी-शू. घरी आणून दार उघडलं की जुनं मांजर फिसकारतं, कधी सरळ धावून जातं, जणू कुणी परकंच घरात शिरलंय. मग आठ-पंधरा दिवस पुन्हा दोघं वेगवेगळ्या खोल्यांत. जरा जमतंय म्हणेपर्यंत पुढचा डोस येतो. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही गोष्टी आधीपेक्षा थोड्या जास्तच बिघडलेल्या असतात.

लोक हे दोन प्रश्न म्हणून विचारतात: कॅरिअरची भीती कशी घालवू, आणि मांजरांचं आपसात कसं जमवू? रस्त्यावरून आणलेल्या मांजराच्या बाबतीत मला तरी हा एकच प्रश्न दिसतो, आणि तो कॅरिअरपासून सोडवायला घ्यावा लागतो. कॅरिअरची भीती तशीच ठेवून मांजरांची मैत्री जमवत बसलात, तर दर तीन-चार आठवड्यांनी केलेलं सगळं पुसलं जाईल.

असं का होतं

घरात जन्मलेल्या पिल्लाला कॅरिअर म्हणजे एक खोका असतो. सोडवून आणलेल्या मांजराची त्याच्याशी पहिली ओळख वेगळी झालेली असते. कुणीतरी मानेला धरलं, टॉवेल टाकला किंवा खाण्याचं आमिष दाखवून पिंजऱ्याचं दार पाडलं. त्यानंतर हलणारी जमीन, रिक्षाचा आवाज, अनोळखी टेबल, थर्मामीटर आणि सुई. हे सगळं एका दिवसात घडलं, आणि त्यानंतर तो खोका फक्त असल्याच दिवशी बाहेर आला. मांजराने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. त्याला हट्टी म्हणू नका.

त्यात आपल्याकडे कॅरिअर राहतो माळ्यावर किंवा कपाटात, जुने स्वेटर आणि डांबरगोळ्यांच्या शेजारी. डांबरगोळीचा वास मांजराला नकोसा असतोच, शिवाय नॅफ्थॅलीन त्याच्यासाठी विषारी आहे. काही घरांत कॅरिअर फिनेलने धुतात. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. काळं फिनेल, पाइन तेलाचं फिनेल, डेटॉल यांपैकी काहीही कॅरिअरला, ट्रेला किंवा मांजर लोळतं त्या फरशीला वापरू नका. पंजाला लागलेलं ते चाटून पोटात जातं. साधा साबण आणि गरम पाणी पुरतं.

आता दुसरं मांजर. मांजरं एकमेकांना आधी नाकाने ओळखतात, डोळ्यांनी नंतर. एकत्र राहणारी मांजरं गाल घासतात, अंगाला अंग घासत जातात, एकमेकांना चाटतात, आणि त्यातून घराचा एक सामाईक वास तयार होतो. हा वास ज्याच्या अंगाला आहे तो आपला. दवाखान्यातून आलेल्या मांजराच्या अंगाला स्पिरिटचा, हातमोज्यांचा, कुत्र्यांचा वास असतो, वर त्याच्या स्वतःच्या घाबरण्याचाही. तपासणीच्या टेबलावर ओल्या पंजांचे ठसे उमटलेले तुम्ही पाहिले असतील. घाबरलेल्या मांजराला पंजांतून घाम येतो. जुन्या मांजराला दिसतो ओळखीचा आकार आणि नाकाला लागतो परका वास. ते घाबरतं आणि हल्ला करतं. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या मांजरांतही हे घडतं. नुकत्या भेटलेल्यांत तर सामाईक वास जेमतेम धरू लागलेला असतो, तो एका फेरीत जातो.

वयाचाही भाग आहे. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना ज्या माणसांची, प्राण्यांची, आवाजांची सवय होते ती आयुष्यभर टिकते. त्या वयात माणसाचा हातच न लागलेलं मोठं मांजर आणि कुणीतरी पाळून सोडून दिलेलं मांजर, दोन्ही रस्त्यावर सारखीच दिसतात. पण घरात आल्यावर दुसरं आठवड्याभरात मांडीवर येतं आणि पहिल्याला महिने लागतात. तुमचं कुठल्या प्रकारातलं आहे ते ओळखा आणि अपेक्षा तशी ठेवा.

आधी दवाखाना, मग ओळखदेख

वागण्याच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा: रस्त्यावरून आलेलं मांजर घरातल्या मांजरांपासून किमान दोन आठवडे पूर्ण वेगळं. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा ट्रे. खोली नसेल तर बाथरूम चालेल. कारण मुख्यतः पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार, ज्याला बोलताना सगळे मांजरांचा पार्व्हो म्हणतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेक वेळा दहाएक दिवस पुरतात, उपचार न मिळालेली पिल्लं त्यातून क्वचितच वाचतात, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. साबणाने तो मरत नाही. अशी शंका असेल तर ट्रे-भांडी आधी स्वच्छ धुऊन मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी या मिश्रणात दहा मिनिटं ठेवा, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. ब्लीच फिनेलमध्ये किंवा मुताच्या डबक्यावर थेट ओतायचं नाही, त्यातून विषारी वायू होतो.

याच मुदतीत जंताचं औषध, पिसवांचा बंदोबस्त, कानातले किडे आणि एफआयव्ही-एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घालवणारे दोन विषाणू) यांची रक्ततपासणी उरकून घ्या. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, म्हणून ताप वाटला तरी घरचं औषध नको.

लसीचा हिशेब माहीत असू द्या, कारण कॅरिअरच्या फेऱ्या त्यावर ठरतात. पिल्लाला साधारण आठव्या आठवड्यापासून ट्रायकॅट (पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीच्या दोन विषाणूंवरची एकत्रित लस), तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास किंवा नंतर. रेबीजची लस बाराव्या आठवड्यापासून. मोठ्या मांजराचा इतिहास माहीत नसेल तर ट्रायकॅटचे दोन डोस. म्हणजे पहिल्या तीन-चार महिन्यांत, नसबंदी धरून, चार-पाच वेळा तरी कॅरिअर लागणारच. तो टाळता येणार नाही, म्हणून सुधारावा लागेल.

आणि पकडताना चावा बसला किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. सरकारी दवाखान्यांत ती मिळते. मांजर गोड आहे, घरात आहे, पिल्लूच आहे, यांतलं काहीही लस न घेण्याचं कारण नाही.

कॅरिअर माळ्यावरून खाली

मांजर घरात आलं त्या दिवसापासून कॅरिअर त्याच्या खोलीत, जमिनीवर, दार काढलेल्या अवस्थेत राहिला पाहिजे. लसीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, कायम. खोलीत स्टूल असतं तसा तोही एका कोपऱ्यात असावा.

घ्यायचा असेल तर कडक प्लॅस्टिकचा, वरचं झाकण क्लिपांनी पूर्ण सुटणारा घ्या. मांजर आत उभं राहू शकेल आणि गोल वळू शकेल एवढा पुरे. फार मोठ्यात ते रिक्षाच्या प्रत्येक वळणाला घसरतं. झाकण सुटण्याचा फायदा दवाखान्यात कळतो. डॉक्टर वरचा भाग काढून खालच्या भागातच, गोधडीत बसलेल्या मांजराला तपासतात, सुई देतात. ओढाओढ होत नाही. कापडी बॅग हलकी पडते, पण घाबरलेलं मांजर चेन नाकाने सरकवतं आणि रस्त्यात निसटतं. कापडी बॅगच असेल तर दोन चेनच्या टोकांना एकत्र बांधा.

पहिले काही दिवस झाकण काढून नुसता खालचा टब ठेवा. तो मांजराला पिंजऱ्यासारखा दिसत नाही. आत त्याची झोपायची गोधडी किंवा तुमचा वापरलेला सुती टीशर्ट घाला, न धुतलेला. टब भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागून कुणी येईल ही धास्ती राहत नाही. मग खाणं. आधी ताटली टबाच्या बाजूला, मग कडेला, मग आत. घाई इथेच होते: मांजराने आत पंजा टाकला की लोक ताटली थेट तळाशी सरकवतात. तसं करू नका. जिथे ते मान ताठ न करता, मागचे पाय ताणून न ठेवता खातंय, तिथेच ताटली दोन-तीन दिवस राहू द्या. शरीर लांबवून, मागचे पाय बाहेर रोवून खात असेल, तर ते अजून पळायच्या तयारीत आहे.

काहीतरी खास खाणं फक्त कॅरिअरसाठी राखून ठेवा. उकडलेल्या चिकनचे बारीक धागे, मीठ-हळद-कांदा-लसूण काही नाही. किंवा बिनमिठाचा सुका जवळा चिमूटभर. खारवलेली सुकट नको, त्यात मीठ फार असतं. सुक्या मासळीचा वास लागला की भलं मोठं भित्रं मांजरही टबाच्या कडेवर येऊन उभं राहतं, हे मी कितीतरी मांजरांच्या बाबतीत पाहिलंय. हा पदार्थ इतर वेळी कुठेच द्यायचा नाही.

टबात ते आपणहून झोपायला लागलं की झाकण बसवा, दार नको. काही दिवसांनी दारही बसवा, पण उघडं बांधून ठेवा. मग ते आत खात असताना दार ढकलून लगेच उघडा. मग एक घास होईपर्यंत बंद. पुढे एक-दोन मिनिटं, आणि दाराच्या जाळीतून खाऊ देत राहा. त्यानंतर उचला आणि तिथेच ठेवा. मग खोलीत एक चक्कर, मग जिन्यापर्यंत, मग लिफ्टने खाली जाऊन वॉचमनच्या खुर्चीपर्यंत आणि परत. प्रत्येक वेळी दार उघडल्यावर खाणं. एखाद्या पायरीवर मांजर ओरडलं, तोंडाने श्वास घेऊ लागलं किंवा नंतर कॅरिअरकडे फिरकलं नाही, तर दोन पायऱ्या मागे या. धीट पिल्लाला हे सगळं दोन आठवड्यांत जमतं. मोठ्या, खूप छळ सोसलेल्या मांजराला दोन महिनेही लागतात, आणि ते ठीक आहे.

कॅरिअरची भीती आधीच घट्ट बसली असेल तर तोच खोका वापरण्यात वेळ घालवू नका. वेगळ्या रंगाचा, वेगळ्या आकाराचा, शक्यतो वरूनही उघडणारा आणा किंवा कुणाकडून मागून घ्या. जुना घराबाहेर जाऊ द्या.

उद्याच डॉक्टरकडे जायचं असेल तर

हे सगळं व्हायच्या आत तारीख येतेच. त्या दिवशी पाठलाग करायचा नाही, हा एकच नियम. घरभर पळवलेलं मांजर माणसालाही घाबरायला लागतं, आणि ते पुसायला फार काळ जातो. आदल्या रात्रीच त्याला एका छोट्या खोलीत घ्या जिथे पलंग-कपाटाखाली शिरायला जागा नाही. कॅरिअर तिथे आधीपासून असू द्या. निघायच्या वेळी शांतपणे जाड टॉवेल अंगावर टाका, चारी पाय आत येतील असं गुंडाळा, कॅरिअर उभा करून तोंड वर ठेवा आणि मागच्या पायांकडून टॉवेलसकट आत सोडा. पुढून ढकललं की मांजर पुढचे दोन्ही पाय दाराला अडवतं. टॉवेल आतच राहू द्या.

अतिशय घाबरणाऱ्या मांजरासाठी डॉक्टरांना गॅबापेंटिनविषयी स्पष्ट विचारा. निघण्याआधी साधारण दोन तास दिलेल्या मात्रेने मांजर सुस्त, थोडं झोकांड्या खाणारं पण बरंच शांत होतं. मात्रा वजनावर ठरते आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला कमी लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. काही लोकांना हे गुंगीचं औषध देणं क्रूरपणाचं वाटतं. मला घाबरून स्वतःच्या मुतात बसलेलं मांजर पाहणं जास्त क्रूर वाटतं.

वाटेत कॅरिअरवर पातळ सुती पंचा किंवा ओढणी टाका, हवा खेळती राहील अशी. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही; मांजराला ६० किलोहर्ट्झच्या वरचंही येतं. ब्रेकची करकर, रिक्षाची थरथर त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. रिक्षात कॅरिअर मांडीवर, दोन्ही हातांनी खालून धरलेला. हँडलला लोंबता नको. गाडीत पुढच्या सीटमागे पाय ठेवायच्या जागी घट्ट बसतो. स्कूटरवर न्यायचाच असेल तर मागे बसणाऱ्याने धरावा, पुढे पायाशी ठेवू नये; तिथे इंजिनाची थरथर आणि रस्त्याची धग दोन्ही लागतात. मार्च ते मे सकाळी लवकरची वेळ घ्या. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा सोडून जायचं नाही.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी कुत्री, मांजरं, घोडे, गाई सगळेच येतात. अशा ठिकाणी कॅरिअर जमिनीवर ठेवू नका. कुत्र्याचं नाक जाळीला लागलं की सगळी मेहनत गेली. खुर्चीवर, मांडीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवा. किंवा एकाला नंबर लावायला पाठवून मांजराला बाहेर शांत जागी थांबवा.

घरातल्या मांजराशी भेट

आता ज्या गोष्टीमुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं ती आधी सांगते. नव्या मांजराला कॅरिअरमध्ये बंद करून बैठकीच्या मध्यभागी ठेवायचं आणि जुन्याला हुंगू द्यायचं, ही पद्धत बरेच जण सुरक्षित म्हणून सुचवतात. कृपया करू नका. आतल्याला पळायला जागा नाही, बाहेरचा त्याच्यावर वाकलेला, फिसकारतोय. एका वेळी दोन गोष्टी शिकवल्या जातात: कॅरिअर म्हणजे अडकणं, आणि दुसरं मांजर म्हणजे धोका. पुढे दोन्ही सोडवायला महिने लागतात.

ओळख वासापासून सुरू होते, आणि त्यासाठी वेगळं राहण्याचे दोन आठवडे फुकट जात नाहीत. स्वच्छ सुती मोजा हातात घालून नव्याच्या गालांवर, हनुवटीखाली फिरवा आणि तो जुन्याच्या जेवणाच्या जागेपासून जरा लांब ठेवा. दुसरा मोजा उलट दिशेने. हुंगून निघून गेलं तर उत्तम. फिसकारलं तर मोजा आणखी लांब, पण काढून टाकू नका. काही दिवसांनी त्याच मोजाजवळ शांतपणे खाऊ लागतात. मग एकाच कापडाने दोघांचे गाल आळीपाळीने पुसा, आणि तेच कापड कॅरिअरच्या आतल्या भिंतींवर, दोन्ही दारांच्या चौकटींवर, सोफ्याच्या कोपऱ्यांवर फिरवा. सामाईक वास असा हाताने लावता येतो, आणि कॅरिअरला तो लागला की तो घरातली वस्तू होतो.

त्यानंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं. ताटल्या आधी चार-पाच फूट लांब, रोज थोड्या जवळ. मधूनच जागा बदला: जुनं एका खोलीत बंद आणि नवं घरभर मोकळं फिरतंय, तासभर. त्याला लपायच्या जागा कळतात, आणि जुन्याला घरभर त्याचा वास मिळतो.

दिसण्याची पायरी जाळीतून. चौकटीला वेल्क्रोने लावायची डासांची जाळी नख्यांनी फाटते. तिच्यामागे लहान मुलांसाठीचं फाटक किंवा खुर्च्या लावा. वेळ जेवणाची, दोघांना भूक लागलेली, अंतर भरपूर, आणि भेट संपवायची ती सगळं शांत असतानाच. पाच मिनिटं छान गेली म्हणून पंधरा करू नका. काय पाहायचं? एकटक रोखून बघणं हे फिसकारण्यापेक्षा वाईट लक्षण आहे. फिसकारणं म्हणजे 'लांब राहा', तेवढंच. न हलता, कान बाजूला पाडून, शेपटीचं टोक हलवत रोखलेली नजर दिसली की मध्ये पुठ्ठा धरा आणि लक्ष दुसरीकडे वळवा. हात मध्ये घालू नका. डोळे हळू मिटून उघडणं, पाठ फिरवून अंग चाटत बसणं, जांभई, ही चांगली चिन्हं.

जाळीशिवाय भेटवायचं ते दोघं सलग काही दिवस जाळीजवळ खाऊ शकत असतील तेव्हाच. खोलीला बाहेर जायच्या दोन वाटा असाव्यात, उंचावर चढायला कपाट किंवा फळी असावी. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन, आणि ते तिन्ही एका ओळीत बाथरूमला नकोत. नाहीतर एक मांजर दारात बसून दुसऱ्याची वाट अडवतं, आणि मग गादीवर शू झाली की आपण भलत्यालाच दोष देतो. रस्त्यावरच्या मांजराला लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) ओळखीचं नसेल तर पहिले दिवस त्यात कुंडीतली कोरडी माती मिसळा.

वेळ निवडताना कॅलेंडर बघा. गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके चालू असताना नवी पायरी घेऊ नका. खिडकीबाहेर सुतळी बॉम्ब फुटला आणि त्या क्षणी समोर दुसरं मांजर होतं, तर भीतीचा राग त्याच्यावर निघतो आणि तो तिथेच चिकटतो. असे चार दिवस दोघांना वेगळं ठेवा.

दवाखान्यातून घरी

फेरी जिथे मोडते ती जागा ही. घरी आल्यावर कॅरिअर बैठकीत उघडायचा नाही. थेट नव्याच्या खोलीत न्या, दार लावा, कॅरिअरचं दार उघडून बाहेर या. त्याला स्वतःहून निघू द्या. पाणी, ट्रे, थोडं खाणं. किमान रात्रभर वेगळं ठेवा. भूल दिली असेल तर पूर्ण एक दिवस, कारण झोकांड्या खाणारं मांजर जुन्याला विचित्र वाटतं आणि पडण्याचा धोकाही असतो. ते अंग चाटून घेतं तसा दवाखान्याचा वास जातो. त्याने वापरलेल्या जुन्या, न धुतलेल्या गोधडीवर झोपलं तर लवकर जातो. दुसऱ्या दिवशी ते सामाईक कापड दोघांच्या गालांवर फिरवा, मग जाळीतून एक जेवण, आणि सगळं नेहमीसारखं वाटलं तरच दार उघडा.

शक्य असेल तेव्हा दोघांच्या लसी एकाच दिवशी घ्या, दोन वेगळ्या कॅरिअरमधून. दोघांनाही तोच वास लागतो आणि कुणीच परकं ठरत नाही. एका कॅरिअरमध्ये दोघं कधीही नकोत, कितीही गट्टी असली तरी.

कॅरिअर घरी आल्यावर साबणाने पुसून पुन्हा त्याच कोपऱ्यात, आणि त्याच संध्याकाळी आत खाऊ.

तरीही अडत असेल

नव्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पिल्लू असेल तर त्याच्याही आधी. उपाशी मांजराचं यकृत चरबीने बिघडतं, विशेषतः जाडजूड मांजराचं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, शू होत नाही, तर ती वागण्याची अडचण नाही, मूत्रमार्ग अडकलाय. रात्र असली तरी न्या. तोंड उघडं टाकून श्वास घेणं प्रवासानंतर काही मिनिटांत थांबलं नाही तर तेही तसंच.

नसबंदी न झालेला बोका घरात असेल तर ओळखीच्या पायऱ्या कितीही नीट करा, मारामारी आणि भिंतीवर पिचकाऱ्या चालूच राहतील. नसबंदीनंतरही जुनी सवय उतरायला महिना-दीड महिना जातो, तोवर वेगळे ठेवा. सोडवून आणलेल्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर त्याची नसबंदी बहुधा आधीच झालीय. डॉक्टरांना दाखवून खात्री करा.

पिल्लू आणि म्हातारं मांजर ही जोडी वेगळ्याच कारणाने बिघडते. म्हाताऱ्याला भीती नसते, कंटाळा येतो. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा दोरी-पिसांच्या खेळण्याने दमवा आणि म्हाताऱ्याला पिल्लाला चढता येणार नाही अशी जागा द्या. कुस्ती चालू असताना आवाज नसेल, वर-खाली आळीपाळीने होत असेल, तर तो खेळ. किंकाळ्या, उडालेले केसांचे पुंजके, एकच सतत पळतंय आणि एकच पाठलाग करतंय, ही भांडणं. पुठ्ठा टाकून वेगळं करा आणि जाळीच्या पायरीवर परत जा.

महिनोन्महिने प्रयत्न करूनही एक मांजर सतत कपाटावर राहतंय, खाली येऊन खात नाही, अंगावरचे केस चाटून चाटून काढतंय, तर त्या घरात त्याला सुख नाही. अशा वेळी त्याच्यासाठी एकट्या मांजराचं घर शोधणं हे प्रेमाचंच काम आहे, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला नावं ठेवली तर ऐकू नका. देताना नसबंदी आणि लसी पूर्ण करून द्या. त्याचा कॅरिअर, आतली न धुतलेली गोधडी, लसीचं कार्ड, सध्या खातंय ते खाणं आठवड्याला पुरेल एवढं आणि ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर सोबत पाठवा. नव्या घरच्यांना सांगा की पहिला आठवडा एकच खोली, आणि कॅरिअर त्या खोलीत, दार उघडं.